मोलिएरचा विनोद आणि त्याचं शहाणपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा एक हौशी नाट्यवाचन गट आहे. पात्रं वाटून घ्यायची, चहा ठेवायचा आणि नाटक पहिल्या प्रवेशापासून मोठ्यानं वाचायचं, एवढंच आमचं काम. मोलिएर आम्ही दोनदा हाती घेतला आणि दोन्ही वेळा लोकांनी जवळपास तेच प्रश्न विचारले. ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. काही उत्तरं चांगलीच लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप होतं.

मोलिएर कोण होता?

सतराव्या शतकातला फ्रेंच नाटककार. तो नटही होता आणि नाटकमंडळीचा चालकही. खरं नाव झाँ-बातिस्त पोकलँ. १५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिसमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील राजाच्या पदरी गाद्या, पडदे, बैठका यांचं काम सांभाळणारे, आणि तो हुद्दा मुलाकडे चालत यायचा होता. मुलानं तो नाकारला आणि १६४३ मध्ये मादलेन बेजार ही नटी, तिची भावंडं आणि आणखी काही जणांबरोबर स्वतःची नाटकमंडळी काढली. दोन वर्षांत मंडळी कर्जात बुडाली, मेणबत्त्यांचे पैसेसुद्धा थकले, आणि १६४५ मध्ये त्याला कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. मग जवळजवळ १३ वर्षं ही मंडळी फ्रान्सच्या गावोगावी, विशेषतः दक्षिणेत, खेळ करत हिंडली.

२४ ऑक्टोबर १६५८ रोजी लूव्रच्या राजवाड्यात चौदाव्या लुईसमोर त्यांचा प्रयोग झाला. आधी कोर्नेई या नाटककाराची शोकांतिका केली, ती बेताचीच झाली. मग मोलिएरनं पुढे येऊन, परवानगी असेल तर गावोगावी करतो तसला एक छोटा फार्स दाखवू का, असं विचारलं. राजा हसला. पॅरिसमध्ये मंडळीला रंगमंच मिळाला. पुढच्या १४-१५ वर्षांत त्यानं ती सगळी नाटकं लिहिली ज्यांमुळे फ्रेंच भाषेला आजही ‘मोलिएरची भाषा’ म्हणतात.

तो नट होता हे कधी विसरू नका. स्वतःच्या मंडळीतली माणसं डोळ्यांसमोर ठेवूनच तो लिहायचा. त्याचा मेहुणा लुई बेजार लंगडत चालायचा, म्हणून ‘कंजूष’ नाटकातल्या नोकराला मालक ‘लंगडं कुत्रं’ म्हणतो. मोलिएरला स्वतःला खोकला होता, म्हणून त्याच नाटकात एक मध्यस्थ बाई म्हाताऱ्या कंजुषाला सांगते की खोकणं तुम्हाला शोभून दिसतं. जे दुखणं लपवता येत नव्हतं ते त्यानं भूमिकेतच घालून टाकलं.

नाव मोलिएर की मोलियर?

मराठीत दोन्ही चालतं. हे नाव त्यानं १६४४ च्या सुमारास घेतलं.

त्याची म्हणून जी सुवचनं फिरतात ती खरंच त्याची आहेत का?

काही आहेत, काही नाहीत. ‘विनोद हसत हसत माणसाचं वागणं सुधारतो’ या अर्थाचं लॅटिन वचन त्याच्या नावावर सर्रास खपतं. ते सांतल नावाच्या त्याच्या काळातल्या एका कवीचं मानलं जातं.

पण जी वचनं खरीच त्याच्या नाटकांतली आहेत, त्यांच्याबद्दल मला जास्त सांगायचं आहे. ‘जगण्यासाठी खावं, खाण्यासाठी जगू नये.’ हे वाक्य ‘कंजूष’ मध्ये आहे. मूळ विचार फार जुना, प्राचीन काळापासून चालत आलेला. मोलिएरनं त्याचं काय केलं ते बघा.

हार्पागाँ या म्हाताऱ्या कंजुषाच्या घरी जेवणावळ आहे. पानं आठ की दहा? हार्पागाँ म्हणतो, आठच धरा. आठांचं जेवण असलं की दहांना पुरतं. त्याच्याकडे झाक नावाचा एकच माणूस स्वयंपाकी आणि गाडीवान अशी दोन्ही कामं करतो. मालकानं हाक मारली की तो आधी विचारतो, ‘गाडीवानाशी बोलायचंय की स्वयंपाक्याशी?’ आणि त्याप्रमाणे अंगरखा बदलतो. चांगलं जेवण करायला पैसे लागतील, असं झाक सांगतो. तेवढ्यात कारभारी वालेर पुढे होतो. हा वालेर हार्पागाँच्या मुलीवर प्रेम करतो आणि तिच्याजवळ राहता यावं म्हणून त्यानं या घरात नोकरी धरली आहे, त्यामुळे मालकाच्या प्रत्येक शब्दाला तो मान डोलावतो. तो म्हणतो, पाहुण्यांना जास्त खाऊ घालणं म्हणजे त्यांचा जीव घेणं. प्राचीनांनी म्हटलंच आहे, जगण्यासाठी खावं, खाण्यासाठी जगू नये.

हार्पागाँ हरखून जातो. आयुष्यात इतकं सुंदर वाक्य ऐकलं नाही म्हणतो, आणि स्वतः म्हणायला जातो: ‘खाण्यासाठी जगावं, जगण्यासाठी...’ अडखळतो. ‘नाही, असं नाही. कसं ते?’ वालेर पुन्हा सांगतो. मग हार्पागाँ हुकूम सोडतो की हे वाक्य लिहून दे, दिवाणखान्यात सोन्याच्या अक्षरांत कोरून लावतो.

कवडीसाठी जीव टाकणारा माणूस सोन्याची अक्षरं कोरायला निघाला आहे. वाक्य खरं आहे, पण ते बोलणारा खुशामत करतो आहे आणि ऐकणारा त्यातून फक्त जेवणाचा खर्च वाचवतो आहे. मोलिएरचं शहाणपण शोधायचं तर ते त्या वाक्यात सापडत नाही. चांगलं वचन वाईट माणसाच्या हाती पडलं की कशाला जुंपलं जातं, हे त्यानं दाखवलं, तिथे ते सापडतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की मोलिएरचं कुठलंही सुवचन पुढे पाठवण्याआधी ते कोण, कोणाला आणि कशासाठी म्हणतं ते बघा. बहुतेक वेळा त्या प्रवेशात त्या वाक्यापेक्षा मोठं काहीतरी चाललेलं असतं.

त्याच्या विनोदाचं तंत्र काय? नुसती फजिती आणि मारामारी तर नाही?

फजिती आहे, काठीचे रट्टेही आहेत. पॅरिसमध्ये त्याची मंडळी सुरुवातीला ज्या रंगमंचावर खेळ करायची तोच रंगमंच इटालियन नटांचाही होता, आणि शरीरानं हसवण्याची त्यांची कला त्यानं जवळून पाहिली होती. पण त्याचं खास हत्यार म्हणजे एकच शब्द पुन्हा पुन्हा येणं.

‘तार्त्युफ’ हे ऑर्गाँच्या घरात भक्त म्हणून शिरलेल्या भोंदूचं नाटक. पहिल्या अंकात ऑर्गाँ दोन दिवस बाहेरगावी राहून घरी येतो. घरी काय खबर, असं तो दोरीन या मोलकरणीला विचारतो. ती सांगते, बाईसाहेबांना परवा संध्याकाळपर्यंत ताप होता, डोकं भयंकर दुखत होतं.

‘आणि तार्त्युफ?’

‘तो? ठणठणीत. गुबगुबीत, गोरापान, ओठ लालबुंद.’

‘बिचारा!’

रात्री बाईसाहेबांना घास गिळवला नाही. आणि तार्त्युफ? त्यानं त्यांच्यासमोर बसून, अगदी भक्तिभावानं, दोन तित्तिर आणि मटणाची अर्धी तंगडी संपवली. ‘बिचारा!’ बाईंना रात्रभर डोळा लागला नाही. आणि तार्त्युफ? जेवणावरून उठून ऊबदार बिछान्यात शिरला तो सकाळपर्यंत झोपला. ‘बिचारा!’ शेवटी बाईंचं रक्त काढलं तेव्हा कुठे बरं वाटलं. आणि तार्त्युफ? बाईंचं रक्त गेलं त्याची भरपाई म्हणून त्यानं न्याहारीला चार मोठे पेले दारू घेतली. ‘बिचारा!’

दोरीन म्हणते, जाते, बाईसाहेबांना सांगते की त्या बऱ्या झाल्याचं तुम्हाला किती बरं वाटलं.

आमच्या वाचनात ऑर्गाँ करणाऱ्यानं पहिल्यांदा हा प्रवेश विनोदी आवाज काढून वाचला आणि तो साफ पडला. दुसऱ्यांदा त्यानं ‘बिचारा’ अगदी मनापासून, घशात आवंढा आणून म्हटलं. हशा थांबेना. ऑर्गाँ खोटं बोलत नाही, त्याचं तार्त्युफवर खरं प्रेम आहे. बायको तापानं फणफणलेली असताना परक्या माणसासाठी त्याचा जीव तुटतो, आणि त्याला स्वतःला ते दिसत नाही. आपण हसतो आणि त्याच क्षणी आपल्याला कळतं की या घराचं आता काही खरं नाही. तार्त्युफ स्वतः रंगमंचावर यायला तर अजून अवकाश आहे, तो तिसऱ्या अंकात येतो. त्याच्याआधी मोलिएर आपल्याला त्याच्यावर भाळलेला माणूस दाखवतो. भोंदूपेक्षा भोंदूला घरात घेणारा समजून घेणं जास्त गरजेचं आहे, असं मी त्यातून घेते.

‘तार्त्युफ’ वर बंदी का आली? ते नाटक धर्माच्या विरोधात आहे का?

पहिला प्रयोग १२ मे १६६४ रोजी व्हर्सायच्या उत्सवात झाला. राजाला तो आवडला, पण सार्वजनिक प्रयोगांना त्यानं मनाई केली. धार्मिक मंडळींचा दबाव मोठा होता. पिएर रूले नावाच्या एका पाद्र्यानं तर मोलिएर हा माणसाच्या रूपातला सैतान आहे, त्याला जाळलं पाहिजे, असं छापून काढलं. ५ ऑगस्ट १६६७ रोजी मोलिएरनं नाव बदलून, काही भाग मवाळ करून प्रयोग केला. राजा तेव्हा फ्लँडर्समध्ये मोहिमेवर होता. दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या न्यायपीठाच्या प्रमुखानं खेळ बंद पाडला, आणि आर्चबिशपनं फतवा काढला की हे नाटक जो करेल, वाचेल किंवा ऐकेल त्याला धर्मबहिष्कृत केलं जाईल. खाजगीत वाचलं तरीही. मोलिएरनं दोन नटांना अर्ज देऊन थेट राजाच्या छावणीकडे धाडलं. परवानगी मिळायला ५ फेब्रुवारी १६६९ उजाडला. पावणेपाच वर्षं एक माणूस एका नाटकासाठी झगडत राहिला.

ते धर्माच्या विरोधात नाही. नाटकात क्लेआँत हा ऑर्गाँचा मेहुणा खऱ्या आणि खोट्या भक्तीतला फरक अगदी स्पष्ट मांडतो. पण विरोध करणाऱ्यांचा राग मला समजू शकतो. तार्त्युफची भाषा खऱ्या भक्तासारखीच आहे, त्यामुळे कानानं फरक कळत नाही. फरक कळतो तो त्यानं काय खाल्लं, काय लाटलं, कोणाच्या बायकोवर हात टाकला यावरून.

नाटक छापताना प्रस्तावनेत मोलिएरनं लिहिलं की माणूस बोलणी सहज खाऊन घेतो, थट्टा मात्र सहन करत नाही. दुष्ट म्हणवून घ्यायला तो तयार असतो, हास्यास्पद ठरायला मात्र तयार नसतो. कीर्तन-प्रवचनानं जे साधत नाही ते विनोदानं का साधतं, याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

प्रत्येक नाटकात मुलीच्या लग्नाचीच भानगड का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो तक्रारीच्या सुरात येतो. माझ्या मते मोलिएर समजून घ्यायची किल्ली इथेच आहे.

यादी करून बघा. हार्पागाँला मुलगी एका वयस्क माणसाला द्यायची आहे, कारण तो हुंडा मागत नाही. वालेर समजावतो की लग्न जन्माचं असतं. ‘बिनहुंड्याचं!’ वय जुळत नाही. ‘बिनहुंड्याचं!’ मुलीचं सुख बघणारेही बाप असतात. ‘बिनहुंड्याचं!’ शेवटी वालेर हात टेकतो आणि म्हणतो, खरंय, याच्यापुढे बोलणं खुंटलं. ऑर्गाँला मुलगी तार्त्युफला द्यायची आहे. सरदार व्हायचं वेड लागलेल्या जुर्दँला खानदानी जावई हवा आहे. ‘विदुषी’ मधल्या आईला कवी जावई हवा, कारण तो साहित्यावर बोलतो. आणि ‘काल्पनिक रोगी’ मधला आर्गाँ डॉक्टर जावई शोधतो, म्हणजे औषधाच्या चिठ्ठ्या घरच्या घरी मिळतील. मोलकरीण त्वानेत विचारते, डॉक्टर तुम्हाला हवाय, मग लग्न मुलीनं का करायचं? आर्गाँ शांतपणे सांगतो की सुस्वभावी मुलीला बापाच्या तब्येतीला उपयोगी पडेल अशा माणसाशी लग्न करताना आनंदच व्हायला हवा.

आपला छंद, आपलं वेड हा आपला खाजगी मामला आहे, असं या प्रत्येकाला वाटतं. मोलिएर दाखवतो की घरात खाजगी असं काही नसतं. ज्याच्या हातात घराच्या किल्ल्या त्याच्या वेडाचं बिल घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाच्या नावावर फाटतं, आणि त्या काळी ती व्यक्ती म्हणजे लग्नाची मुलगी. कंजूषपणा, अंधभक्ती, दुखण्याचं कौतुक, मोठेपणाची हाव हे दोष त्यानं नीतिशास्त्राच्या तराजूत तोललेच नाहीत. या दोषापायी घरात कोणाला रडावं लागतं, एवढंच त्यानं विचारलं.

दुसरी गोष्ट मला त्याहून खोल वाटते. यांतली बरीचशी माणसं शेवटी सुधारत नाहीत. हार्पागाँ मुलांच्या लग्नाला हो म्हणतो ते चोरीला गेलेली पैशांची पेटी परत मिळेल म्हणून, आणि त्याचं शेवटचं वाक्य त्या लाडक्या पेटीकडे जाण्याचंच आहे. जुर्दँ खोट्या तुर्की पदवीत खूष राहतो. आर्गाँ स्वतःच डॉक्टर होतो. घरातली माणसं वेड्याला शहाणं करण्याचा नाद सोडतात आणि त्याच्या वेडाला वळसा घालून मुलीचं आयुष्य वाचवतात. हे मला फार प्रामाणिक वाटतं. आपल्या घरातला हट्टी माणूस एका भाषणानं बदलत नाही, हे आपण सगळे जाणतो.

त्याच्या नाटकांतल्या मोलकरणी इतक्या तोंडाळ कशा?

कारण त्यांना दिसतं. दोरीन, त्वानेत, ‘विदुषी’ मधली मार्तीन: पुस्तकी ज्ञान कोणाकडेच नाही, पण घरात भाजी किती आली आणि कोण जेवलं नाही हे त्यांना ठाऊक असतं. मार्तीनला मालकीण कामावरून काढते, ते चोरी केली म्हणून नव्हे, व्याकरण चुकलं म्हणून. नवरा सांगून बघतो की मला चांगलं सूप लागतं, सुंदर भाषा नको. शुद्धलेखनावरून कोणाला घालूनपाडून बोलण्याआधी हा प्रवेश प्रत्येकानं एकदा वाचावा.

म्हणजे तो शिकणाऱ्या बायकांच्या विरोधात होता का?

‘विदुषी’ (१६७२) आणि त्याआधीचं १६५९ चं नाजूक भाषेच्या नखऱ्यांवरचं प्रहसन वाचून तसं वाटू शकतं, आणि ती टीका पूर्ण खोडून काढता येत नाही. पण १६६२ चं ‘बायकांची शाळा’ शेजारी ठेवा. आर्नोल्फ चार वर्षांच्या आन्येसला पसंत करतो आणि मुद्दाम अडाणी ठेवून वाढवतो, कारण अडाणी बायको फसवणार नाही असा त्याचा हिशेब. लग्नाआधी तो तिच्या हातात पत्नीधर्माच्या नियमांचं पुस्तक देतो आणि मोठ्यानं वाचायला लावतो. तरी ती एका तरुणाच्या प्रेमात पडते. आर्नोल्फ ओरडतो, ते प्रेम मनातून हाकलून का नाही दिलंस? ती विचारते, जे सुखाचं वाटतं ते हाकलायचं कसं?

आर्नोल्फकडे उत्तर नाही. पुढे ती म्हणते की मी मूर्ख आहे हे मला कळतं, आणि आता मला मूर्ख राहायचं नाही. या मुलीचे शब्द लिहिणारा माणूस बाईच्या शिक्षणाचा वैरी नव्हता. त्याला राग ज्ञानाच्या दिखाव्याचा होता.

मध्यम मार्ग धरा, एवढंच त्याचं सांगणं आहे का?

शाळेत तसंच शिकवलं जातं. ‘मनुष्यद्वेष्टा’ (१६६६) मध्ये नायक आल्सेस्तचा मित्र फिलाँत म्हणतोच की खरी समजूत कुठल्याही टोकाला जात नाही. पण ते नाटक वाचताना माझं मन फिलाँतबरोबर जात नाही, ते आल्सेस्तबरोबर जातं.

आल्सेस्तनं ठरवलं आहे की खरं तेच बोलायचं. ओरोंत नावाचा दरबारी आपलं सुनीत घेऊन येतो आणि स्पष्ट मत मागतो. फिलाँत वाहवा करतो. आल्सेस्त सुरुवातीला आडवळणानं जातो: माझ्या ओळखीच्या एकाला मी म्हणालो होतो की लिहिण्याची खाज आवरावी. ओरोंत विचारतो, म्हणजे मी लिहू नये असं म्हणता? ‘मी तसं म्हणत नाही.’ असं तीनदा होतं, आणि मग त्याचा बांध फुटतो. हे सुनीत अडगळीत टाकायच्या लायकीचं आहे, असं तो तोंडावर सांगतो. प्रकरण तक्रारीपर्यंत जातं.

इतका सत्यवादी माणूस प्रेम करतो ते सेलिमेनवर, सगळ्यांना झुलवणाऱ्या तरुण विधवेवर. १७५८ मध्ये रूसोनं आरोप केला की मोलिएरनं सज्जन माणसाला हास्यास्पद केलं. आरोप गंभीर आहे. पण ‘मी तसं म्हणत नाही’ हे तीनदा म्हणणारा आल्सेस्त मला फार जवळचा वाटतो. खरं बोलायची हिंमत आणि समोरच्याला न दुखवण्याची इच्छा यांची ओढाताण त्या तीन वाक्यांत आहे, आणि मोलिएरनं तिचा निकाल लावलेला नाही.

डॉक्टरांवर त्याचा एवढा राग का?

तेव्हाचं वैद्यक म्हणजे रक्त काढणं, बस्ती देणं आणि लॅटिन बोलणं. ‘काल्पनिक रोगी’ च्या शेवटी परीक्षा होते. प्रश्न: अफूनं झोप का येते? उत्तर: तिच्यात झोप आणण्याचा गुण आहे म्हणून. सगळे परीक्षक धन्य धन्य करतात. प्रश्नाचेच शब्द उलटे करून उत्तर म्हणून देणं हे आजही कितीतरी ठिकाणी चालतं.

पण त्याच नाटकात एक जागा आहे जी वाचताना आमच्या गटात सगळे गप्प झाले होते. आर्गाँचा भाऊ बेराल्द त्याला मोलिएरचं नाटक बघायचं सुचवतो. आर्गाँ संतापतो: मी डॉक्टर असतो तर तो मोलिएर आजारी पडल्यावर त्याला औषधावाचून मरू दिलं असतं, वर म्हटलं असतं, मर, मर! बेराल्द सांगतो, तो औषध मागणारच नाही. तो म्हणतो की औषधं सोसायला धट्टीकट्टी माणसं लागतात, आपल्याकडे जेमतेम दुखणं सोसण्यापुरती ताकद आहे.

आर्गाँची भूमिका मोलिएर स्वतः करत होता. धडधाकट माणूस आजाराचं सोंग करतो, ती भूमिका खरोखर आजारी माणूस धडधाकटपणाचं सोंग करून वठवत होता, आणि स्वतःला ‘मर’ म्हणत होता.

तो रंगमंचावरच मेला हे खरं का?

अगदी तसं नाही. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी ‘काल्पनिक रोगी’ चा चौथा प्रयोग होता. शेवटच्या समारंभात ‘मी शपथ घेतो’ म्हणताना त्याला झटका आला. तो त्यानं हसण्यात लपवला आणि प्रयोग पुरा केला. रिशलिय रस्त्यावरच्या घरी नेल्यावर त्याच रात्री तो गेला, वयाच्या ५१ व्या वर्षी. ग्रिमारे या चरित्रकारानं १७०५ मध्ये लिहिलं आहे की त्या दिवशी प्रयोग करू नका अशी घरच्यांनी विनवणी केली, तेव्हा तो म्हणाला की रोजंदारीवरचे पन्नास गरीब लोक आहेत, मी खेळ केला नाही तर ते काय करतील?

नटाचा पेशा सोडल्याची कबुली पाद्र्यासमोर दिल्याशिवाय नटाला धार्मिक दफन मिळत नसे, आणि पाद्री वेळेत पोचला नाही. पत्नी आर्मांदनं राजाकडे धाव घेतली. २१ फेब्रुवारीला, रात्री, थाटमाटाशिवाय पुरण्याची मुभा मिळाली. ज्या खुर्चीत बसून त्यानं आर्गाँ केला ती कोमेदी-फ्राँसेजनं, १६८० मध्ये स्थापन झालेल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय नाटकमंडळीनं, अजून जपली आहे.

मराठीशी त्याचा काही संबंध?

आहे, आणि तो आपल्या रंगभूमीच्या काळजाजवळचा आहे. ‘संगीत संशयकल्लोळ’ तुम्ही पाहिलं असेल तर मोलिएर तुम्ही पाहिला आहे. १६६० मध्ये त्यानं संशयी नवऱ्यावर एक एकांकी लिहिलं. एका तरुणीला घेरी येते, तिच्या हातून प्रियकराची तसबीर पडते. शेजारचा गृहस्थ तिला सावरतो, ते त्याची बायको बघते. बायको तसबीर उचलते, ते नवरा बघतो. तिथून संशयाचं जाळं विणलं जातं. १७६१ मध्ये आर्थर मर्फीनं त्यावरून इंग्रजी नाटक रचलं, आणि गोविंद बल्लाळ देवलांनी मर्फीवरून ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं. तेच पुढे पदं घालून १९१६ मध्ये ‘संशयकल्लोळ’ म्हणून गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं.

देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली: फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, भादव्या. रेवतीला नायकिणीच्या घरातली केलं, त्यामुळे तिच्या लग्नाचा प्रश्न इथल्या मातीतला झाला. मूळ एकांकी ज्या ओळीवर संपतं तिचा अर्थ असा, की सगळं डोळ्यांनी पाहिलंत तरी कशावरही विश्वास ठेवू नका. फाल्गुनरावांच्या घरात पोचेपर्यंत त्या ओळीनं दोन समुद्र आणि अडीच शतकं ओलांडली.

हरिभाऊ आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ आणि ‘जबरीचा विवाह’ आणले. पहिल्याचं शीर्षक तर असं जमलं आहे की ते मराठीतच सुचलं असावं असं वाटतं. आचार्य अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ हार्पागाँवरून आलं.

सुरुवात कुठून करावी?

‘मारून मुटकून वैद्यबुवा’ ज्यावरून आलं त्या १६६६ च्या छोट्या नाटकापासून. लाकूडतोड्याला बडवून डॉक्टर बनवतात. काळीज उजवीकडे कसं, असं विचारल्यावर तो म्हणतो, पूर्वी डावीकडे असायचं, आम्ही ते सगळं बदललं. मग ‘कंजूष’, मग ‘तार्त्युफ’. ‘मनुष्यद्वेष्टा’ शेवटी घ्या, आणि एकट्यानं वाचा. बाकीची चौघांत वाचा.

एकच प्रसंग निवडायचा झाला तर?

‘दों जुआँ’ (१६६५) मधला भिकाऱ्याचा. हे नाटक १५ प्रयोगांनंतर बाजूला ठेवावं लागलं, मोलिएरच्या हयातीत ते पुन्हा झालं नाही. रानात एक गरीब माणूस वाट सांगतो आणि भिक्षा मागतो. दिवसभर काय करतोस? देणाऱ्यांच्या भरभराटीसाठी प्रार्थना करतो. मग तू सुखात असशील. नाही, कित्येकदा भाकरीचा तुकडाही मिळत नाही. श्रीमंत, देखणा, नास्तिक दों जुआँ सोन्याचं नाणं काढतो आणि म्हणतो, एकदा देवाची निंदा कर, हे तुझं. नोकरही आग्रह करतो, थोडीशी कर, त्यात काय बिघडतंय. भिकारी म्हणतो, ‘नाही साहेब, त्यापेक्षा उपाशी मरेन.’

दों जुआँ नाणं देऊन टाकतो. माणुसकीखातर, म्हणतो.

नाटकभर शब्दांत कोणाला न हरलेला माणूस इथे दोन ओळी बोलणाऱ्या भिकाऱ्यासमोर गप्प होतो. पहिल्याच प्रयोगानंतर हा भाग काढावा लागला. पूर्ण प्रसंग छापला गेला तो १६८३ मध्ये, फ्रान्सबाहेर, ॲमस्टरडॅमला. मोलिएरला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.